फाटकापासून किती लांब?

गिरणीत कायम नसलेल्या कामगाराला बदली म्हणत. त्याचा दिवस भोंग्याच्या आधी सुरू व्हायचा. अंधारात उठून फाटकावर जाऊन उभं राहायचं. आज कोण आलेलं नाही ते पाहून जॉबर, म्हणजे माणसं कामावर घेणारा मुकादम, बाहेरच्या गर्दीतून माणसं उचलायचा. ज्याच्याकडे बोट गेलं नाही तो खोलीवर परतायचा आणि पुढच्या पाळीला पुन्हा येऊन उभा राहायचा. काम मिळण्याची खात्री नाही, पण फाटकावर हजर नसलो तर ते मिळणार नाही एवढं मात्र नक्की. अशा माणसानं घर कुठे घ्यावं?

मुंबईच्या गिरणगावानं, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीनं, या प्रश्नाचं उत्तर फार लवकर शोधलं होतं. ते उत्तर आज विसरलं गेलंय असं मला वाटतं, म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो आहे. मोठ्या शहरात माणूस घर कसं निवडतो, नोकरी कुठे आहे याचा त्या निवडीवर किती ताबा असतो, आणि नोकरीची जागा हलली की घराचं काय होतं, हे सगळं इथे एकाच जमिनीवर घडून गेलं आहे.

घर कामाच्या मागे

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी, नायगाव असा पट्टा गिरण्यांनी भरला. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. त्यांनी घर निवडलं असं म्हणणं धाडसाचं होईल. गावचा कुणीतरी ज्या चाळीत होता त्या चाळीत ते उतरले. एका खोलीत दहा-बारा जण, पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एकजण उठून गेला की त्याच जागी दुसरा आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत. त्या खाणावळी चालवणाऱ्या बाया बहुतेक कामगारांच्याच घरच्या होत्या.

कामाचे तास पाहिले की हे सगळं फाटकाच्या इतकं जवळ का होतं ते कळतं. १९११ च्या कायद्यानं कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या कामाला दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली, म्हणजे त्याआधी ती तेवढीही नव्हती. १० तासांवर यायला १९३४ उजाडलं. यंत्रासमोर १२ तास उभं राहिलेल्या माणसाजवळ प्रवासाला देण्यासाठी पाय उरतात, वेळ उरत नाही. त्यामुळे बहुतेकांची खोली गिरणीपासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या आत असायची.

पण केवळ तासांनी हा उलगडा पुरा होत नाही. खरं कारण बदलीच्या फाटकाशी आहे. काम रोजच्या रोज मिळवायचं होतं, आणि ते मिळायचं ओळखीनं. जॉबर त्याच मोहल्ल्यात राहायचा. कुठल्या खात्यात माणूस कमी आहे ही बातमी चाळीच्या गॅलरीत कळायची. काम सुटलं तर वाणी उधारी देणार, कारण तो तुम्हाला ओळखतो. खाणावळवाली महिनाभर थांबणार. एका गिरणीत नाही जमलं तर शेजारच्या फाटकावर जाता येणार, आणि चालत जाण्याच्या अंतरावर अशी कितीतरी फाटकं होती. जवळ राहण्यात पायांचे कष्ट वाचतच होते, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बेकारीचे दिवस कमी व्हायचे. घराचा पत्ता हाच एक प्रकारचा विमा होता.

याचा पुरावा सरकारनंच नकळत दिला. १८९६ च्या प्लेगनंतर कामगारांची घरं हा सरकारी विषय झाला, १८९८ मध्ये इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट आली, आणि १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. त्यांनी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बांधलेल्या त्या बीडीडी चाळी. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सार्वजनिक संडास, एका चाळीत ८० खोल्या. ठरलं होतं ५० हजार खोल्यांचं, झाल्या सोळा हजारांच्या आसपास. यातल्या सर्वाधिक चाळी वरळीला होत्या. शहरात एकेका खोलीत दहा माणसं झोपत असताना वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीची बरीच वर्षं रिकाम्या पडून राहिल्या. भाडं जास्त, खोल्या कोंदट, बाजार लांब, आणि गिरण्यांपासूनही लांब. आज आपल्याला वरळी आणि परळ हे अंतर वाटतच नाही. फाटकावर पहाटे उभं राहायचं असलेल्याला ते वाटलं.

घरांची टंचाई असताना सरकारी घर रिकामं राहतं, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. ती पुढे पुन्हा लागणार आहे.

काम गेलं, खोली राहिली

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं चाळीतली भाडी जवळपास गोठली. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि भाडेकरूला खोली सोडण्यात. पागडीचा व्यवहार मुळात याच अडचणीतून वाढला. खोली हस्तांतर करताना एकरकमी पैसे घ्यायचे, त्यातला वाटा मालकाला द्यायचा. बरीच दशकं हे सगळं कायद्याबाहेर चाललं, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं त्याला मान्यता दिली. याचा परिणाम असा की कामगाराची खोली ही त्याची सर्वांत मोठी मालमत्ता झाली, पण ती जागेला बांधलेली मालमत्ता होती. तिथे राहात असाल तरच तिचा उपयोग.

गिरण्या चालू होत्या तोवर हे बांधलेपण टोचलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. कापडाचं काम मोठ्या प्रमाणावर भिवंडी आणि इतर ठिकाणच्या यंत्रमागांवर गेलं. मागावर हात बसलेला माणूस मात्र लालबागच्या खोलीत बसून राहिला. त्याचं कौशल्य एका गावात आणि त्याचं घर दुसऱ्या गावात, अशी ती फारकत होती.

या काळात गिरणगावाला कुणी तगवलं हे पाहिलं तर घराच्या जागेचं मोल पुन्हा दिसतं. बायकांनी तगवलं. खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं. संपानंतर डबे, पापड, मसाले, शिवण, धुणीभांडी अशी कामं घरोघर वाढली. या प्रत्येक कामाचं गिऱ्हाईक चालत जाण्याच्या अंतरावर असावं लागतं. खोली मध्य मुंबईत होती म्हणून हे शक्य झालं. गिरणी गेली तरी आजूबाजूला शहर होतं.

ज्यांना तेवढंही जमलं नाही त्यांनी पागडी विकली. मुलीचं लग्न, भावांमधली वाटणी, दवाखाना, कर्ज, कारणं घरोघरची. आलेल्या पैशात डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार इथे दोन खोल्या झाल्या. स्वतंत्र संडास आला, खिडकी आली, मुलांना अभ्यासाला कोपरा मिळाला. हा बदल वाईट होता असं मी म्हणणार नाही. १०० चौरस फुटांत सहा माणसं वाढवलेल्या बाईला आतली मोरी आणि दाराला कडी असलेलं स्वयंपाकघर म्हणजे काय असतं, ते बाहेरून पाहणाऱ्यानं तोलू नये. पण तिच्या घरच्या कमावत्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पकडून कामाला यायचं होतं ते मात्र पुन्हा त्याच भागात.

काम परत आलं, चालत येणारे नव्हते

कारण काम परत आलं होतं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ नं गिरण्यांच्या जमिनीचा विकास खुला केला. मूळ विचार सोपा होता. जमिनीचे तीन भाग करायचे, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला, म्हणजे सरकारच्या गृहनिर्माण संस्थेला, घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटानं या जमिनींचा एकत्रित आराखडा करावा असं सुचवलं होतं. तो प्रत्यक्षात आला नाही. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, म्हणजे बांधकाम नसलेल्या तुकड्याची राहिली. गिरणीच्या आवारात शेडच शेड असतात, मोकळं असं किती असणार? सुमारे ६०० एकरांच्या जमिनीतून सार्वजनिक वाट्याला यायचं ते फार आटलं. मुंबई उच्च न्यायालयानं याविरुद्ध निकाल दिला होता, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बदललेला नियम कायम केला.

मग लोअर परळला कार्यालयं आली, मॉल आले, टॉवर आले. त्याच काळातली जनगणना पाहा. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे बेटाची लोकसंख्या २००१ मध्ये ३३.४ लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती ३०.९ लाखांवर उतरली. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची मात्र सुमारे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. नव्या नोकऱ्या लोअर परळला येत होत्या आणि झोपायला माणसं ठाण्याकडे जात होती. गिरणीच्या काळात याच जमिनीवर हजारो माणसं काम करत, पण ती चालत यायची. आता येणारा जवळपास प्रत्येकजण रेल्वेनं येणार होता.

चिंचपोकळी, करी रोड, लोअर परळ, एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) ही स्थानकं अरुंद. त्यांचे पूल अरुंद. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण गेले. पुढे लष्करानं नवा पूल बांधला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. त्या दिवसाची चर्चा अफवा, पाऊस आणि रेल्वेचा हलगर्जीपणा या भोवती झाली आणि ती व्हायलाच हवी होती. माझं म्हणणं एवढंच की त्या जिन्यावरची गर्दी दोन दशकांच्या परवानग्यांनी तयार केली होती. प्रत्येक टॉवरला परवानगी देताना किती माणसं येणार याचा अंदाज असतो, आणि ती कुठे राहात असतील हे रेल्वेच्या नकाशावर दिसतं. हे दोन कागद कुणी शेजारी ठेवले नाहीत.

घर मिळालं, पण कुठे

कामगारांच्या लढ्यामुळे म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर त्यांना घरं मिळू लागली. पात्रतेची तारीख १ जानेवारी १९८२, त्या दिवशी किंवा नंतर गिरणीच्या पटावर नाव हवं. २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली, ६,९२५ घरांची, प्रत्येक घर २२५ चौरस फूट. २०१६ मध्ये दोन सोडती झाल्या. त्यातली डिसेंबरची २,४१७ घरांची सोडत पनवेलजवळच्या कोन इथल्या घरांसाठी होती. २०२० मध्ये आणखी ३,८९४. सगळी मिळून सोळा हजारांच्या आत. अर्ज दीड लाखाच्या आसपास. जिथे घाम गाळला तिथेच घर, ही मागणी इतक्या थोड्या जमिनीवर पुरी होणं शक्य नव्हतं, आणि जमीन थोडी का राहिली ते वर आलंच आहे.

मग मार्च २०२४ च्या शासन निर्णयात शेलू आणि वांगणी इथली सुमारे ८१ हजार घरं पुढे आली. बदलापूरच्या पुढे आणि कर्जतच्या अलीकडे, मुंबई सीएसएमटीपासून सुमारे ८० किलोमीटर. कामगार संघटनांनी विरोध केला, जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा आला.

इथे समोरची बाजू नीट मांडली पाहिजे. मध्य मुंबईत एका घराला लागणाऱ्या पैशात वांगणीला कितीतरी घरं होतात. अर्जदार म्हातारे झाले आहेत, त्यांना रोज नोकरीला जायचं नाही. अनेकांच्या वाट्याला जिवंतपणी घर येणारच नसेल तर लांबचं का होईना, येऊ द्यावं. हे मुद्दे हलके नाहीत. शेवटच्या मुद्द्यापुढे तर मी गप्प होतो, कारण वाट पाहता पाहता किती माणसं गेली ते उघड आहे.

तरीही एक घर डोळ्यांपुढे आणतो. हे कुठल्याही एका खऱ्या कुटुंबाचं वर्णन नाही, नमुना आहे. आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते, आता पंचाहत्तरीच्या पुढे. डिलाईल रोडच्या खोलीत थोरला मुलगा, सून, धाकटा. थोरला बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका इमारतीत कंत्राटी सुरक्षारक्षक आहे. धाकटा लोअर परळच्या मॉलमधल्या दुकानात. सून वरळीच्या टॉवरमध्ये तीन घरी स्वयंपाक करते, सकाळी सातला पहिलं घर. तिघांपैकी कुणाचीच नोकरी कायम नाही. रक्षकाचं कंत्राट दुसऱ्या एजन्सीकडे गेलं की त्याला नवी जागा शोधायची असते. दुकान बंद पडतं. टॉवरमधली मॅडम बदली होऊन दुसऱ्या शहरात जाते.

आता हे घर वांगणीला न्या. रिक्षा किंवा पायी स्टेशन, मग गाडी, मग दादर किंवा परळला बदलून पुढे. जायला दोन तास धरा, यायला दोन. महिन्याचे २५ दिवस धरले तर १०० तास होतात, म्हणजे आठ तासांच्या साडेबारा पाळ्या, ज्यांचा पगार कुणी देत नाही. लोकलचा पास स्वस्त आहे, म्हणून हे परवडतं असं वाटतं. स्वस्त पासमुळे लांबचं घर शक्य झालं हे खरं आहे, पण तो पास कामगाराइतकाच त्याच्या मालकालाही सवलत देतो. माणूस ८० किलोमीटरवरून येऊ शकतो म्हटल्यावर जवळ राहण्याइतका पगार द्यायची गरज पडत नाही.

थोरला आणि धाकटा हे ओढतील. हजारो ओढतात, दाराला लटकून ओढतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून पडून माणसं गेली ती असंच ओढणारी होती. सुनेचं काय? तीन स्वयंपाकघरांचं काम चालत जाण्याच्या अंतरावरच जमतं. मुलाला शाळेत सोडून, सासऱ्यांचं पाहून, सातला वरळी आणि दुपारी एकला घरी हे तिचं गणित आहे. वांगणीहून ते बसत नाही. पहिल्या महिन्यात तिचं काम सुटेल, आणि घर मिळाल्याच्या आनंदात या कुटुंबाचा एक पगार कमी झालेला असेल. वांगणीत तिला तेवढ्या पैशाची तीन स्वयंपाकघरं मिळणार नाहीत, कारण तिथे तिच्यासारखीच माणसं राहायला आलेली असतील.

त्याहून खोल नुकसान नोकरी गेल्यावर कळतं. गिरणगावातून पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे पायी अंतरावर आहेत, दादर जवळ आहे, ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोही धावते. इथल्या खोलीतून अंधेरी, बीकेसी, फोर्ट, ठाणे कुठेही काम शोधता येतं. वांगणीतून एकच मार्ग, आणि त्या मार्गावरही सगळं लांब. मध्यवर्ती घराची किंमत आपण आजच्या नोकरीच्या अंतरावरून मोजतो. ती मोजायची असते पुढची नोकरी किती दारांवर शोधता येईल यावरून. कायम नोकरी असलेला माणूस लांब राहू शकतो, कारण त्याला एकाच ठिकाणी जायचं आहे आणि ते ठिकाण उद्याही असणार आहे. रोज फाटक शोधणाऱ्याला फाटकांच्या मध्ये राहावं लागतं. आजचा कंत्राटी रक्षक, डिलिव्हरी करणारा मुलगा, घरकाम करणारी बाई हे आजचे बदली आहेत. आपली व्यवस्था नेमकं उलटं करते. ज्याची नोकरी सर्वांत कच्ची, त्याचं घर सर्वांत लांब.

वरळीच्या रिकाम्या खोल्या इथे आठवाव्यात. शंभर वर्षांपूर्वी कामगारानं सरकारी खोली नाकारली तेव्हा त्याला कृतघ्न ठरवता आलं असतं. तो फक्त हिशेब करत होता. गंमत म्हणजे त्याच वरळीच्या बीडीडी चाळींचा आता जागेवर पुनर्विकास होतो आहे, भाडेकरूला तिथेच ५०० चौरस फुटांचं घर, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्याही दिल्या गेल्या. म्हणजे ज्याच्या नावावर चाळीतली खोली होती त्याला जागा मिळाली. ज्याची फक्त नोकरी होती, खोली दुसऱ्याच्या नावावर किंवा खाणावळीत गाठोडं, त्याच्या वाट्याला सोडत आली आणि आता शेलू.

मला विचाराल तर सगळ्यांना मालकीचं घर या हट्टात आपण अडकलो आहोत. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या काही गिरण्यांच्या जमिनी अजून पूर्ण वापरात आलेल्या नाहीत. त्यावर म्हाडानं भाड्याची घरं बांधावीत, कमावत्या वारसांना परवडणाऱ्या भाड्यानं द्यावीत, आणि ज्यांना खरंच लांबचं मोठं घर हवं आहे, गावाकडे जायचं आहे, त्यांना वांगणीचं किंवा रोख रकमेचं पर्यायी हक्कपत्र द्यावं. दोन्हीपैकी काय घ्यायचं ते कुटुंब ठरवेल, आणि त्याला मग निवड म्हणता येईल. यानं दीड लाख अर्ज सुटणार नाहीत. पण सुनेचं काम आणि सासऱ्यांचं घर यांतलं एकच घ्या, असं तरी कुणाला सांगावं लागणार नाही.

सध्या कामगाराकडे मागितले जातात ते कागद असे: गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयचा क्रमांक, हजेरीपत्रक, पगाराची पावती. सगळे चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या फाटकाचे. थोरल्याची बीकेसीतली पाळी आणि सुनेची सकाळी सातची वेळ त्यात कुठेच येत नाही.